उशिराच्या जेवणाचा रॅग

आमच्या हार्लन बेंड गावात पियानो थांबला की पाय पडतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. रॅग, म्हणजे आमच्या अमेरिकेतली ती जुनी नाचरी पियानोची रचना, चालू असतो, डावा हात खालून एका चालीने पावलं टाकत असतो, उजवा त्याच्या आगेमागे हुंदडत असतो, आणि मधेच वाजवणारा दोन्ही हात उचलतो. एक ठोका रिकामा जातो. त्या रिकाम्या ठोक्यावर सगळ्यांनी मिळून टाच आपटायची. मी आईच्या कडेवर होते तेव्हा तिच्या बरगडीत लाथ घालून हे काम उरकायचे, असं ती सांगायची. काही जुन्या रॅगच्या छापील कागदांवर तर इथे पाय आपटा अशी खूणच असते. नदीपलीकडची माणसं आमच्याकडे येतात, चुकीच्या जागी आपटतात, आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसतो.

म्हणूनच लिओटा बॅसकोम यांच्या रॅगचं जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकत होतं. बाहेरच्यांनी नासवला असता तर निदान त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या. आम्ही तो प्रेमाने नासवला.

मी मॅक्सीन. चर्चच्या मागच्या गल्लीत माझं पार्लर आहे, आणि आमच्या समाजातल्या निम्म्या बायकांची डोकी माझ्या हाताखालून गेलेली आहेत. मिस लिओटा शुक्रवारी यायच्या; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. रविवारी चर्चमध्ये पियानोवर बसायचं, म्हणजे पाठमोरं बसायचं, त्यामुळे मागचे केस नीट पाहिजेत असा त्यांचा हट्ट. पुढचे कसेही चालतील म्हणायच्या, पुढून फक्त देव बघतो.

त्यांना त्यांच्या आजीने वाढवलं. पियानोही तिनेच शिकवला, मारून मारून. आजीचं एकच सांगणं होतं, की डावा हात म्हणजे चर्चची घंटा. कुणी मेलं म्हणून ती थांबत नाही आणि कुणी जन्मलं म्हणून धावत नाही. मिस लिओटांचा डावा हात तसाच झाला. दिवसभर बुटांच्या कारखान्यात वरचं कातडं शिवायच्या, तिथेही मशीनचं पायडल त्याच तालात मारतात अशी त्यांची ख्याती होती. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणे त्यांच्या पायाकडे बघून आपला वेग ठरवायची.

आणि अशा बाईने लग्न केलं ते मिस्टर क्लेमशी, ज्यांना उभ्या आयुष्यात कुठेही वेळेवर पोचता आलं नाही. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. पाचला भोंगा व्हायचा. तिथून घर म्हणजे रमतगमत चालणाऱ्यालाही फार लांब नाही. पण वाटेत न्हाव्याचं दुकान, दुकानाबाहेर बाक, बाकावर माणसं. पुढे कुणाचा तरी कुत्रा, त्याची चौकशी. पुढे कुणाच्या तरी परसातले टोमॅटो, त्यांचं कौतुक. घरी चुलीवर शेंगा आणि डुकराच्या मांसाचं कालवण आटत राहायचं, आणि मिस लिओटा ते खाली उतरवायच्या, पुढच्या खोलीत जाऊन पियानो उघडायच्या, आणि वाजवत बसायच्या. रागारागाने वाजवायच्या म्हणे सुरुवातीला. मग राग जायचा आणि नुसतं वाजवणं उरायचं.

मिस्टर क्लेम यायचे ते स्वयंपाकघराच्या दाराने. बुटांना वंगण, त्यामुळे पुढच्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. ते उंबऱ्यावर उभे राहायचे आणि तिथूनच टाच आपटून साथ द्यायचे. तीही उशिरा. रिकामा ठोका येऊन जायचा, आणि मग ह्यांची टाच.

"क्लेम, तुझा पाय कुठल्या गाडीने येतो रे?" त्या न वळता विचारायच्या.

"मालगाडीने. पण येतो की नाही?"

"इतर माणसांचे पाय ठोक्यावर पडतात."

"इतर माणसांना घाई असते, लिओटा. मला घरी यायचं होतं, मी आलो. आता आणखी कुठे पोचायचंय?"

हे त्यांचं रोजचं. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे ह्या एका भांडणावरच त्यांनी संसार पोसला.

एका ऑक्टोबरात संध्याकाळी मिस लिओटा अशाच वाजवत होत्या. मागचं दार वाजलं. त्यांनी चिडवायला म्हणून हात उचलला, ठोका रिकामा सोडला, आणि टाचेची वाट बघितली. टाच पडली नाही. त्यांनी मान वळवली तर उंबऱ्यावर चर्चचे डीकन टोपी छातीशी धरून उभे होते. मिस्टर क्लेम न्हाव्याच्या बाकावर बोलता बोलता गेले होते. वाक्य अर्धं राहिलं होतं म्हणे. कुणाच्या तरी बैलगाडीएवढ्या भोपळ्याबद्दलचं.

त्यानंतर मिस लिओटांनी जेवायची वेळ बदलली नाही. म्हणजे वेळेवर जेवायला सुरुवात केली नाही. स्वयंपाक सहाला तयार व्हायचा, आणि त्या अंधार पडून बराच वेळ गेल्यावर, कालवणावर साय धरली की बसायच्या. चर्चचं सामुदायिक जेवण असलं तरी ताट झाकून ठेवायच्या. गावाला ही खोड माहीत होती. नव्या माणसाला आम्ही सांगायचो, मिस लिओटांना वाढून ठेव, आग्रह करू नकोस.

आणि त्याच हिवाळ्यात त्यांनी आपला एक रॅग रचला. लोकांना वाटतं रॅग म्हणजे पणजोबांच्या काळातली गोष्ट, मेणबत्त्या आणि उंच टोप्यांची. हा रॅग टेलिव्हिजन घरोघरी आल्यानंतरचा. त्या सुमारास देशाला एकदम आठवण झाली होती की आपल्याकडे रॅग नावाचं काही होतं, आणि आमच्या गावाने लगेच त्यात हात धुऊन घेतले: जून महिन्यात नदीकाठच्या जुन्या धान्याच्या गोदामात उत्सव भरायला लागला. पहिल्याच उत्सवात मिस लिओटांनी आपला रॅग वाजवला. नाव ठेवलं होतं 'उशिराचं जेवण'. नाव ऐकूनच गोदाम हसलं.

मी होते तिथे. मला आठवतं, सुरुवात हळू होती, जरा हुरहूर लावणारी. उजवा हात मधेच थबकत होता, जसं बाई कामात असताना रस्त्यावरची चाहूल घेते. आणि मग दोन्ही हात वर, रिकामा ठोका, आणि सगळं गोदाम एका टाचेने दणाणलं. काय तो आवाज! छपराची कबुतरं उडाली. रॅगभर तशा रिकाम्या जागा होत्या, आणि आम्ही एकही सोडली नाही. शेवटी माणसं उभी राहून ओरडत होती. मिस लिओटांनी वळून मान झुकवली, आणि त्या हसल्या. मला ते हसू अजून दिसतं. मला ते तेव्हा आनंदाचं वाटलं, म्हणजे माझी अक्कल बघा.

पुढे तो रॅग गावचा झाला. लग्नात वाजला, शाळेच्या बँडने वाजवला, शहरातून आलेल्या पियानोवाल्यांनी दुप्पट वेगाने वाजवला. मिस लिओटांनी मात्र तो परत चारचौघांत वाजवला नाही. उत्सव समितीचा प्रमुख रॉइस डनलीव्ही दर वर्षी विचारायचा, आणि त्या दर वर्षी म्हणायच्या, "तुम्हा सगळ्यांना येतो की तो. माझं काय काम?"

हे सगळं मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी, माझ्याच खुर्चीत. त्या तेव्हा ऐंशीला टेकल्या होत्या. मी केस सरळ करायचा तापवलेला कंगवा त्यांच्या मानेवरून फिरवत होते आणि रेडिओवर 'उशिराचं जेवण' लागलं. माझी टाच आपोआप आपटली. कंगवा हलला, त्यांच्या कानाला चटका बसला.

"सॉरी, मिस लिओटा! पण तुमचा रॅग लागला की पाय काही ऐकत नाही बाई."

"माहीत आहे मला," त्या आरशात बघत म्हणाल्या. "कुणाचाच ऐकत नाही."

आणि मग त्यांनी सांगितलं. उंबरा, मालगाडी, टोपी छातीशी धरलेले डीकन, सगळं. आवाज एकसारखा, डाव्या हातासारखा. मी कंगवा खाली ठेवला.

"म्हणजे त्या जागा..."

"त्याच्या आहेत. मी त्या राखून ठेवल्या होत्या. आणि तुम्ही सगळे धावत येऊन बसलात."

मला रडू आलं आणि त्यांना ते आवडलं नाही. मी विचारलं, घरी एकट्या वाजवता तेव्हा तर त्या रिकाम्या राहतात ना? तेवढं पुरत नाही का?

"मॅक्सी, एकटी जेवायला बसले की समोरची खुर्ची रिकामीच असते. त्यात काय मोठं? पण घर माणसांनी भरलंय, दाटीवाटी झालीय, आणि तरी एका खुर्चीवर कुणी बसत नाही, तेव्हा ती त्याची असते. मला ते एकदा ऐकायचंय. भरल्या गोदामात. हात आहेत तोवर." त्यांनी बोटं उघडमीट करून दाखवली. सांधे सुजून अक्रोडासारखे झाले होते.

यंदा रॉइसला त्या हो म्हणाल्या होत्या.

आता माझा स्वभाव असा की कुणी मला दुःख सांगितलं की मी लगेच बाह्या सरसावून ते निस्तरायला निघते. मी त्याच दिवशी रॉइसच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. रॉइस मनाचा चांगला, पण आवाज लहान करायची सोय देवाने त्याच्यात केलेली नाही.

"रॉइस, यंदा मिस लिओटांच्या वेळी लोकांनी पाय आपटले नाहीत तर?"

"मग काय आपटायचं, डोकं?"

"मी गंमत करत नाहीये."

"अगं, लोक त्या रॅगला येतात कशाला? मी गोदामात नव्या फळ्या ठोकून घेतल्यात, ओकच्या! मुद्दाम! टाच मारून बघ एकदा, पोटात घुमतं." आणि तो गडी दुकानातच टाच मारून दाखवायला लागला, खिळ्यांचे डबे खणखणले.

कारण सांगितलं असतं तर तो गप्प झाला असता. पण कारण सांगायचं नाही असा मिस लिओटांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. मी त्यांना जाऊन म्हटलं, निदान सुरुवातीला दोन शब्द बोला, नाहीतर दारावर पाटी लावू, की कृपया पाय आपटू नयेत.

त्या भडकल्या. "पाटी लावून माणसं गप्प बसतात, ती दवाखान्यातही बसतात. आणि क्लेमचं सांगितलं तर माझी कीव करून बसतील. मला त्यांची कीव नको, मॅक्सी. रॅगमध्ये हे असेल तर त्यांना ऐकू येईल. ऐकू येत नसेल, तर मी तो नीट केला नाही, किंवा नीट वाजवला नाही. चूक माझी आहे. लोकांच्या पायांना नावं ठेवून काय होणार?"

मग त्यांनी माझ्या पायालाच कामाला लावलं. शुक्रवारी केस झाले की मी त्यांना घरी सोडायला जायचे. त्या मला पियानोजवळच्या खुर्चीवर बसवायच्या. "बूट काढू नकोस. मोज्यांनी कळणार नाही." आणि वाजवायच्या. मी पाय आवरायचा नाही, आपटायचाही नाही, नुसतं ऐकायचं, आणि पायाचं पायाला ठरवू द्यायचं, असा हुकूम होता.

त्यांनी वेग कमी केला. माझी टाच थांबली, थांबली, आणि पडली. त्यांनी रिकाम्या जागेच्या आधी आवाज अगदी बारीक केला. मी हळूच आपटली.

"हळूच आपटलीस म्हणून पदक देऊ का?"

"मिस लिओटा, मी मुद्दाम नाही करत हो!"

"तेच तर. मुद्दाम केलं असतंस तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते."

कधी सूर लांबवून त्यांनी ती जागा भरून टाकली. माझा पाय गप्प राहिला, पण त्यांनी स्वतःच मान हलवली. तिथे आता रिकामं काही राहिलंच नव्हतं. कधी रिकाम्या जागेआधी क्षणभर अडखळून बघितलं, तेव्हा मला हसू आलं. त्या एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहायच्या, आणि मी खिडकीतून मागच्या परसातल्या, मिस्टर क्लेमनी लावलेल्या पीच झाडाकडे बघत बसायचे. खरं सांगायचं तर मला आशा नव्हती. ज्या गावात मुलं पोटातून ठोका शिकून येतात तिथे एका म्हातारीने काय करावं? पण त्यांना तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

मे महिन्यात एकदा पावसाळी हवा होती आणि त्यांची बोटं फार दुखत होती. मी म्हटलं, राहू द्या आज. त्या बसल्याच. तेवढ्यात सिस्टर अर्नेस्टीन आल्या. ह्या चर्चच्या ऑर्गनवर बसतात, आणि पियानोवर कोण बसतं याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं. दारातच उभ्या राहून त्यांनी जरा वेळ ऐकलं.

"लिओटा, वाईट वाटून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी उच्चारलं की समोरच्याने वाईट वाटून घ्यायची तयारी करायची. "पण तुझा डावा हात मागे पडतोय. उजवा पोचून जातो आणि डावा आपला येतोय वाटेने, काठी टेकत. लोक काय म्हणतील? तुझी आजी असती तर फूटपट्टी घेतली असती तिने."

मिस लिओटा थांबल्या होत्या, पण त्यांचं अर्नेस्टीनकडे लक्ष नव्हतं. त्या माझ्या बुटाकडे बघत होत्या.

"मॅक्सी, तुझा पाय कुठे आहे?"

मी खाली बघितलं. टाच जमिनीच्या वर होती. नुसती लोंबकळत होती. "मला... मला कळलंच नाही कुठे टेकवायची," मी म्हटलं. "ठोका गेला की यायचाय, तेच कळेना."

"हात दुखतो म्हणून मागे पडला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवली, या वेळी दुखतं म्हणून नव्हे, समजून. डावा हात, तो घंटेसारखा हात, त्यांनी मुद्दाम मागे राहू दिला. प्रत्येक पाऊल जरासं उशिरा. न्हाव्याचं दुकान, कुत्रा, टोमॅटो. रिकामी जागा आली आणि माझी टाच हवेतच राहिली, आणि माझी मान, देवाशप्पथ, माझी मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली.

मिस लिओटांनी हात मांडीवर ठेवले.

"तो कधी माझ्या वेळेवर आला नाही," त्या म्हणाल्या. "आणि तो गेल्यावरसुद्धा मी त्याला माझ्याच वेळेवर बोलावत बसले. घड्याळ लावून. मग तो यायचा कसा? ठोका पक्का होता ना माझा. त्या पक्क्या ठोक्यावर तुम्ही आलात सगळे."

सिस्टर अर्नेस्टीनना यातलं काही कळलं नाही, पण जाताना त्या मला दारात म्हणाल्या, आणि त्यात या वेळी खोच नव्हती, "मॅक्सीन, तिला जून महिन्यात बसू देऊ नकोस. असं वाजवलं तर लोक म्हणतील, बिचारीचा हात गेला. एवढं आयुष्य ताठ मानेने वाजवलेली बाई."

मलाही तीच भीती होती. मी मिस लिओटांना तसं सांगितलंही. आमच्याकडे रॅग वाजवणाऱ्याचा डावा हात सुटला म्हणजे संपलं. त्याला पुढे टाळ्या मिळतात, पण त्या कुबड्या दिल्यासारख्या. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"म्हणू देत," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी केस जरा लवकर कर."

उत्सवाच्या दिवशी गोदाम खचाखच भरलं होतं. संध्याकाळचं ऊन खिडक्यांतून आत आलेलं, एका बाजूच्या दारातून तळलेल्या माशांचा आणि मक्याच्या पावाचा वास, त्याच दाराने बायका ताटं घेऊन आतबाहेर करत होत्या. रॉइसने ओरडून मिस लिओटांचं नाव पुकारलं, त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलला, आणि मग हात चोळत म्हणाला, "मंडळी, बूट तयार ठेवा!" गोदाम हसलं. मी पुढच्या रांगेत होते.

त्या आल्या, पाठमोऱ्या बसल्या. मागचे केस उत्तम दिसत होते, एवढं मला कळलं.

पहिली ओळ सुरू झाली. डावा हात मागे. माझ्या मागे कुणीतरी कुजबुजलं. मला त्यातला 'बिचारी' शब्द ऐकू आला आणि माझे कान तापले. पहिली रिकामी जागा आली आणि टाचा पडल्या, पण कशा, तर वेड्यावाकड्या. एक इकडे, चार तिकडे, दोन फार नंतर. लोक शरमले. आमच्या गावातली माणसं, आणि चुकीच्या जागी! दुसऱ्या वेळी थोड्याच पडल्या. मी अर्नेस्टीनकडे बघितलं, त्या डोळे मिटून ओठ चावत होत्या. मिस लिओटांची पाठ ताठ होती. त्यांनी वेग वाढवला नाही, आवाजही वाढवला नाही. चुकतोय हा हात असं वाटण्याइतका मागे, आणि तरी त्या मागे राहण्यातसुद्धा एक चाल होती. ते लोकांना हळूहळू कळायला लागलं. हा हात थकलेला नव्हता. हा रमतगमत येत होता.

तिसऱ्या भागात रॅग खाली उतरतो, मऊ होतो. एरवी इथे आमच्याकडे लोक बूट घासून मोठ्या टाचेची तयारी करतात. त्या दिवशी ताटं घेऊन येणाऱ्या बायकाही भिंतीशी थांबल्या. उजव्या हाताने ती चाहूल घेतली. डावा येत होता, येत होता. मग दोन्ही हात वर.

एकही टाच पडली नाही.

नव्या ओकच्या फळ्या, गच्च भरलेलं गोदाम, आणि त्यात एवढी मोठी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. रॉइस बाजूला उभा होता, एक पाय अर्धवट उचललेला. आणि तो दाराकडे बघत होता. मी वळून बघितलं तर सगळेच बघत होते. ज्यांना मिस्टर क्लेम आठवत होते ते, आणि ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता ते, सगळे त्या बाजूच्या दाराकडे मान वळवून बसले होते. दारात कुणी नव्हतं. नुसतं ऊन होतं.

मिस लिओटा मागे वळल्या नाहीत. पण ती शांतता त्यांनी ऐकली. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं. मी त्या खांद्यांवर इतकी वर्षं टॉवेल टाकत आलेय, ते इतके खाली आलेले मी कधी बघितले नव्हते. पुढच्या प्रत्येक रिकाम्या जागी तेच झालं. शेवटचा सूर वाजला आणि लोकांनी टाळ्याही लगेच वाजवल्या नाहीत. कुणाला सुरुवात करवेना.

टाळ्या झाल्या, मग गर्दी झाली, लोक येऊन त्यांचा हात हातात धरून पुढे सरकत होते. मी त्यांना धरून जेवणाच्या टेबलाकडे आणलं. सवयीने कुणीतरी त्यांचं ताट वाढून वर दुसरं ताट झाकून ठेवलं होतं. रॉइस मागोमाग आला. टोपी हातात होती, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज माणसाच्या आवाजाएवढा होता.

"मिस लिओटा, एक विचारू? मूर्खासारखं वाटेल."

"विचार."

"मगाशी... कुणी यायचं होतं का?"

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "पण त्याला नेहमी उशीर होतो."

आणि त्यांनी ताटावरचं झाकण काढलं. मासा अजून गरम होता, वाफ वर आली.

"बसा रे," त्या आम्हाला म्हणाल्या. "आपण जेवून घेऊ."